हा गातोय की झोपेत बोलतोय?

स्नेहसंमेलनाच्या परिपत्रकात मुख्याध्यापिकांनी यंदाही दरवर्षीचंच वाक्य घातलं होतं : चित्रपटगीते घेऊ नयेत. आमच्या इमारतीत उर्दू आणि मराठी अशा दोन माध्यमांच्या शाळा भरतात आणि संमेलन एकत्र होतं. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, वरच्या वर्गांना उर्दूही शिकवते, त्यामुळे निवड समितीत मला हमखास बसवतात. चाचणीच्या दिवशी नववीतली एक मुलगी गिटार घेऊन आली आणि तिने लकी अलीचं ‘ओ सनम’ म्हटलं. म्हटलं म्हणजे, टेबलाशी बसलेल्या आम्हा पाचजणांपैकी जवळच्या दोघींना ते ऐकू आलं.

ती गेल्यावर चर्चा झाली ती अर्धा तास. संगीताचे सर लालबागचे, हार्मोनियमवर हात बसलेला. ते म्हणाले, “मुलीचा गळा चांगला आहे, गाणं चुकीचं निवडलंय. यात गळ्याला कामच नाही.” उर्दूच्या वरिष्ठ सहकारी म्हणाल्या, “कलाम कमजोर है. वो भी चलता, मगर अदायगी?” तिसरीचं म्हणणं, हे फिल्मी गाणं आहे, परिपत्रकात बसत नाही. मी म्हटलं, फिल्मी नाही, अल्बममधलं आहे. त्यावर ती म्हणाली, “मेहमूदचा मुलगा ना तो? मग फिल्मीच.” पीटीच्या सरांची अडचण सगळ्यांत सरळ होती. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं, आणि मागच्या बाकांवरची पोरं शिट्ट्या मारणार याची त्यांना खात्री होती.

दोन विरुद्ध दोन झाल्यावर सगळे माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा आपा, तुम्हाला यातलं कळतं.” मी एक दिवस मागून घेतला. यातलं मला कळत असतं तर जवळजवळ तीस वर्षांत या एका कॅसेटबद्दलचं माझं मत तीनदा बदललं नसतं.

‘सुनो’ हा अल्बम १९९६चा. मी दहावी संपवून अकरावीत गेले होते, भाई एकोणीस वर्षांचा. डिलाईल रोडच्या आतल्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, तिच्यात सात माणसं : अब्बा, अम्मी, दादी, एक चाचा आणि आम्ही तीन भावंडं. चाचा रात्रपाळीला जायचा म्हणून रात्री सहाच. भाई बाहेर गॅलरीत झोपायचा. त्या वर्षी एमटीव्ही हिंदुस्थानात परत आला होता, चॅनल व्ही आधीपासून होताच, आणि आमच्या मजल्यावर एका घरात केबल होती. तिथे दारात उभं राहून भाईने ‘ओ सनम’चा व्हिडिओ पाहिला. इजिप्त, वाळू, पिरॅमिड आणि एक अडतिशीला टेकलेला, दाढीची खुंटं वाढलेला माणूस. त्याआधीच्या वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने सगळी गल्ली दणाणली होती. बाबा सेहगल होता, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं ‘कलोनिअल कझिन्स’ त्याच १९९६ मधलं. ते सगळे समोर येऊन उभे राहायचे. हा मात्र पाठमोरा चालल्यासारखा गात होता.

भाईने कॅसेट आणली ती क्लासच्या फीमधून पैसे वाचवून. अब्बांना ते कळलं आणि घरात पहिली ठिणगी पडली. आमच्या घरात गाण्यांना सरसकट बंदी नव्हती. अजान झाली की टेप बंद, रमजानमध्ये महिनाभर टेप माळ्यावर, एवढंच. फक्त फिल्मी गाण्यांवर अब्बांचा राग होता, त्यातून रफीसाहेब वगळून. भाईने नेमका तोच मुद्दा पुढे केला : “अब्बा, हे फिल्मी नाही.” अब्बांनी एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाले, “हा गातोय की झोपेत बोलतोय?”

हे वाक्य आमच्या घरात म्हण होऊन बसलं. मुलगा तोंडातल्या तोंडात उत्तर द्यायला लागला की अम्मी विचारायची, गातोय की झोपेत बोलतोय?

अम्मीचं मत मात्र वेगळं होतं, आणि त्याचा गाण्याशी फारसा संबंध नव्हता. लकी अलीची आई ही मीनाकुमारीची धाकटी बहीण, हे तिला माहीत होतं. मीनाकुमारीचे सिनेमे अम्मीने लग्नाआधी चोरून पाहिले होते. तिने तो आवाज ऐकला आणि म्हणाली, “खालाचं दुखणं भाच्याच्या गळ्यात उतरलंय.” आम्ही हसलो. चाचाला तो आवडला मेहमूदचा पोरगा म्हणून आणि जरा जास्तच, आपल्यातला म्हणून. तेव्हा आम्हाला हेही हसण्यासारखंच वाटलं, पण १९९३च्या जानेवारीला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्या महिन्यानंतर आमच्या घरातल्या टेपचा आवाज कुणी न सांगताच खाली आला होता. टीव्हीवर एक अली नाव न बदलता, कुणाची नक्कल न करता गात होता. चाचाला त्याचा आनंद झाला असेल तर त्यात चूक काय?

शेजारच्या खोलीतले बुवा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी भाईच्या हातातून वॉकमन घेतला, कानाला लावला आणि दोन गाणी होईपर्यंत परत दिला नाही. “चार-पाच सुरांत फिरतोय. ताना नाहीत, हरकती नाहीत. पण घाईत नाही. कुठे पोचायचं नाहीय त्याला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीवर ते गाणं वाजवून दाखवलं आणि पेटीवर ते अगदी फिकं वाटलं. बुवाच म्हणाले, “बघ, सुरात काही नाही. जे आहे ते आवाजात आहे.”

अब्बांनी असं का म्हटलं असेल हे कळायला त्यांच्या कानांचा इतिहास बघावा लागतो. ते रत्नागिरीकडच्या गावातून चौदाव्या वर्षी मामाकडे परळला आले. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. शाहीर अमर शेख यांना त्यांनी मैदानात उभं राहून ऐकलं होतं, आणि हे सांगताना त्यांचा आवाजही चढायचा. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं मूळ नाव, बार्शीचे, आणि गिरणगावात त्यांच्या नावावर माणसं गोळा व्हायची. अब्बा सांगायचे, भोंगा बिघडला तरी शाहीर थांबत नसत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे, नाहीतर ते गाणं कसलं? त्यांच्या हिशेबी आवाज म्हणजे दहा हजार माणसांच्या वरून जाणारी वस्तू. कव्वालीतही त्यांना हेच आवडायचं. एकट्याने एकट्यासाठी गाणं ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटे. तसं गुणगुणायचं असेल तर न्हाणीघरात गुणगुणावं, कॅसेट कशाला काढायची?

आणि भाईला नेमकं हेच हवं होतं. सात माणसांच्या खोलीत त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, ती त्या वॉकमनच्या दोन स्पंजांमधली. रात्री गॅलरीत चादर डोक्यावर घेऊन तो ‘सुनो’ ऐकायचा. येणारे-जाणारे त्याचे पाय ओलांडून जायचे. हेडफोनमध्ये हा माणूस श्वास घेतो तोही ऐकू येतो, मला त्याने एकदा ऐकवलं. खरंच येत होता. तेव्हा माझं पहिलं मत बनलं : हे गाणं थोर आहे, आणि अब्बांना कान नाहीत.

‘कान नाहीत’ हे मी मनातल्या मनात, वाक्प्रचार म्हणून म्हटलं होतं.

माझं दुसरं मत बी.एड. झाल्यानंतरचं. नवी नवी शिक्षिका, हातात लाल पेन, उर्दूचं नवं नवं ज्ञान. काफिया, रदीफ, वजन, तलफ्फुज. भाई तोपर्यंत कुवेतला गेला होता. ‘ओ सनम’चे शब्द सय्यद अस्लम नूर यांचे आहेत, चाल लकी अलीची. मी ते शब्द एका कागदावर उतरवले आणि एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तसे तपासले. प्रतिमा ढोबळ, विचार धूसर, एक ओळ दुसरीला नीट जोडलेली नाही. कागदावर आजही माझं हेच मत आहे. मी ते भाईला फोनवर ऐकवलं. मिनिटाला पैसे पडायचे ते दिवस. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मी इथे आठजणांच्या खोलीत राहतो. मला शायरी नकोय. कुणीतरी हळू बोलणारं हवंय.” मी त्यावरही काहीतरी शिकवलंच. ते फोन मला आता आठवावेसे वाटत नाहीत.

मधल्या काळात तो गायक सगळ्यांचा झाला. २००० साली ‘कहो ना प्यार है’ आला आणि हृतिक रोशनसाठी त्याने गायलेल्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं. अब्बा म्हणाले, “शेवटी फिल्मीच निघाला.” ‘सिफर’ हा दुसरा अल्बम १९९८चा, ‘अक्स’ २०००चा. भाईकडे सगळे होते. माझ्याकडे ‘सुनो’ची तीच कॅसेट, फीत दोनदा तुटून चिकटवलेली.

अब्बांचं मत मी ऐकलं होतं, त्यामागचं कारण कळलं ते मात्र २०११च्या सुमारास. टीव्हीचा आवाज वाढत चालला म्हणून मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री केली. डॉक्टरांनी आलेख हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “बाबा, मिलमध्ये होतात का?” रेघ डावीकडून बरीचशी सरळ येत होती आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची तशीच.

अब्बा साचाखात्यात होते. त्रेसष्ट-चौसष्ट साली बदली म्हणून लागले, मग कायम झाले, १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू होईपर्यंत साच्यावर उभे. संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. अब्बांसारखे कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. नंतर त्यांनी क्रॉफर्ड मार्केटात एका फळवाल्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिले. साचाखात्यात शेकडो धोटे एकाच वेळी आपटत असतात. तिथे बोलायचं ते हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. डॉक्टरांनी समजावलं की अशा आवाजात वर्षं काढली की कानाची आधी वरची पट्टी जाते. माणूस बहिरा होत नाही. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात : स, श, फ, ट, क. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

घरी येताना रिक्षात मी गप्प होते. हळू, श्वासावर, ओठांत गाणाऱ्या माणसाच्या आवाजातून व्यंजनं काढून टाकली तर काय उरतं? झोपेत बोलणारा माणूस उरतो. पंधरा वर्षं आम्ही ज्या वाक्यावर हसलो तो त्यांच्या कानांचा रिपोर्ट होता.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला बरं झालं असतं. तसं झालं नाही. पुढच्या वर्षी भाई रजेवर आला, अब्बांना यंत्र बसलं होतं, आणि त्याने मोबाइलवर पुन्हा तेच गाणं लावलं. अब्बांनी यंत्राचं बटण फिरवून शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. “आता शब्द कळले,” ते म्हणाले. “पण गातो तसाच.” भाई इतका हसला की अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्याच रजेत भाईने मला आणि भाभीला ब्लू फ्रॉगला नेलं. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ते सुरू झालं होतं, २०१६ला बंद झालं. आत शिरेपर्यंत मला ओशाळल्यासारखं वाटत होतं. डोक्यावर दुपट्टा, हातात पर्स घट्ट धरलेली, सभोवती माझ्या पगाराचा अर्धा भाग एका रात्रीत उडवतील अशी मुलं. पण गाणं सुरू झालं आणि गाणाऱ्या पोराचा ओठ माइकला लागल्याचा आवाजही मला ऐकू आला. घरी आल्यावर अब्बांनी पहिलं काय विचारलं असेल तर हे : “मिलच्या शेडमध्ये इतका हळू आवाज राहतो कसा? तिथे तर शेजारच्या साच्यावरच्या माणसाचं ऐकू येत नसे.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना ध्वनिशास्त्र नकोच होतं, साचे गेले हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते दोन दिवस अधूनमधून विचारत राहिले.

अब्बांना जाऊन आता सहा वर्षं होतील. ते गेल्यानंतर, २०२०च्या शेवटी, लकी अलीचा हातात गिटार घेऊन ‘ओ सनम’ म्हणतानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पांढरी दाढी, आवाज आणखी खाली उतरलेला. लॉकडाऊनचं वर्ष. आमच्या शाळेतल्या त्या मुलीने तेव्हाच ते पहिल्यांदा ऐकलं, तिसरी-चौथीत असताना. दुसऱ्या दिवशी मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि विचारलं, दुसरं एखादं गाणं नाही का येत? येतात की, म्हणाली. मग हेच का? पुनर्वसनाच्या इमारतीत पंधराव्या मजल्यावरच्या एका खोलीत ती पाच माणसं राहतात. गिटार चुलतभावाची, सराव जिन्यात. “टीचर, बाकीची गाणी मोठ्याने म्हणावी लागतात. खालून लोक ओरडतात. हे हळू म्हणायचंच आहे.”

घरी विचारलंस का, मी म्हटलं. अब्बू म्हणाले, गा, पण व्हिडिओ कुणी टाकायचा नाही.

समितीला मी उत्तर दिलं, “हे चित्रपटगीत नाही, परिपत्रकात बसतं.” हा भ्याडपणाच होता. गाणं चांगलं आहे की नाही, यावर मी एक शब्दही बोलले नाही. माझं तिसरं मत असं की शब्द सामान्य आहेत, गळा मर्यादित आहे, आणि मोठा गळा किंवा चांगले शब्द असते तर ते गाणं बिघडलं असतं. टेबलावर ठेवलं असतं तर संगीताच्या सरांनी त्याचे तुकडे केले असते, आणि योग्यच केले असते. परिपत्रकावर मात्र कुणी काही बोलू शकलं नाही.

संमेलनाच्या दिवशी पीटीच्या सरांचं खरं ठरलं. हॉलला पत्र्याचं छत, दोन भोंगे, सातशे मुलं. तिने सुरुवात केली आणि मागून ‘आवाज! आवाज!’ सुरू झालं. ती थांबली नाही, मोठ्यानेही म्हणाली नाही. मी मागच्या दाराशी उभी होते, शेवटच्या रांगेच्याही मागे, आणि मला नुसता हुंकार ऐकू येत होता. अब्बांना इतकी वर्षं हे असं ऐकू येत होतं तर, असं मनात आलं.

तेवढ्यात संगीताचे सर पहिल्या रांगेतून उठले. वाकून स्टेजवर गेले, गिटारसमोरचा माइक बाजूला केला आणि दुसरा तिच्या तोंडाजवळ, अगदी ओठांना लागेल इतका आणला. मग साउंडवाल्याकडे बघून हात खाली केला. एको कमी कर. मग पुन्हा, पूर्ण काढ. दुसऱ्या कडव्याला ‘सनम’मधला ‘स’ मला मागे दाराशी ऐकू आला. मागची पोरं गप्प झाली असं मी म्हणणार नाही. निम्मी झाली.

चहाच्या वेळी सर कप घेऊन माझ्याजवळ आले. “दोनदा सूर खाली गेला,” ते म्हणाले.

“हो, गेला.”

“एको काढला ते बरं केलं.”